हिंदीतली उचकी

निरागस? काय म्हणालात तुम्ही — निरागस विनोद? नाही हो, हसत नाहीये मी. म्हणजे हसतेय, पण तुम्हाला नाही. बसा. सुमित ना तुमचं नाव? फोनवर तसंच सांगितलंत ना. बसा, बसा. मुंबईहून एवढं लांब आलात, वापीच्या त्या पुलापाशी तासभर ट्रकांच्या मागे कुजला असाल, घाम बघा किती आलाय — पंखा वाढवते. ते कागद जरा उचला टीपॉयवरून, खमणची बशी ठेवायचीय. करते हो सही, पळून नाही जात मी. पेन आहे माझ्याकडे. आणि मॅम नका म्हणू. दिवसभर चौथीची बेचाळीस पोरं बाई-बाई करून कान किटवतात, त्यात घरी पुन्हा मॅम कुठे! ताई म्हणा. हां.

तर निरागस. बरं, मला सांगा, तुम्ही तो पिक्चर शेवटचा नीट कधी बघितलात? — नीट म्हणतेय मी, मोबाईलवर तुकडे नव्हे. लहानपणी. वाटलंच. सगळे तेच सांगतात, ‘आम्ही लहानपणी बघायचो, सुट्टीत लागायचा, सगळं घर बसायचं.’ सगळं घर बसायचं हे खरं, पण बघायचं कोण? आता मी सांगते तुम्हाला त्यात काय आहे. तळ्याकाठी एक हॉटेल. चाळीस खोल्या, बाहेर लॉन, बोट बांधलेली, आणि ती माणसं म्हणतात आम्ही फार ओढाताणीत आहोत. नवरा-बायकोचं पटत नाही, हॉटेल विकायचं ठरवलंय. त्यांचा आठ वर्षांचा मुलगा, सोनेरी कुरळे केस, पुढचा एक दात पडलेला, आणि हिंदीत त्याचं नाव काय? गोलू! अमेरिकेतला गोलू. हा गोलू काय करतो, खोल्यांच्या नंबरच्या पाट्या बदलतो. मग याच्या खोलीत ती, तिच्या खोलीत तो, जाडा गिऱ्हाईक मळके कपडे टाकायच्या नळकांड्यातून सुळकन खाली कपड्यांच्या ढिगात. हसा. पुन्हा पाट्या बदलतो. पुन्हा हसा. दीड तास हेच! मी किलवणीच्या शाळेत शिकवत असताना माझ्या वर्गातल्या एका पोराने वर्गांच्या पाट्या बदलल्या होत्या, त्याला हेडमास्तरांनी दोन दिवस घरी बसवलं, कोणी पिक्चर नाही काढला त्याच्यावर.

घ्या ना, चटणी घ्या. हिरवी तिखट आहे, सांभाळून.

आणि शेवट? शेवट आठवतोय ना? जो शेवट बघून तुमचे ते मोठे डायरेक्टर म्हणाले म्हणे, ‘याचाच हिंदी रिमेक करायचा, आणि मुलाच्या जागी मुलगी घ्यायची.’ तो पोरगा जिन्याच्या पायरीवर बसलाय. आईची गाडी फाटकातून बाहेर पडताना त्याने बघितलीय. त्याला वाटतं आई सोडून गेली. कायमची. आणि तो रडतो. चांगला मिनिटभर रडतो. आणि आई कुठे? आई त्याच्या पाठीमागे, वरच्या पायरीवर, हातात केक घेऊन उभी! गाडीत दुसरंच कोणी होतं. ती उभी आहे, बघतेय, लेकरू हुंदके देतंय, आणि ही बाई ओठावर बोट ठेवून नवऱ्याला म्हणते शूऽऽ. का? तर सरप्राइज. मग तो वळतो, केक बघतो, आणि त्याला रडता रडता उचकी लागते — आणि सगळं घर हसतं. कसली आई हो ही? मला एवढंच सांगा. स्वतःच्या पोराचं रडणं मागे उभी राहून ऐकते, एक मिनिट, पूर्ण एक मिनिट, पुढे जाऊन धरत नाही त्याला — आणि तुम्ही म्हणता निरागस.

हो. तीच उचकी. काढा, काढा, सगळेच काढतात. रिंगटोन आहे, ते मीम का काय ते आहे, माझ्या वर्गात कोणाला पट्टी बसली की मागच्या बाकावरून कोणीतरी ती उचकी काढतंच. पण चुकीची काढता तुम्ही. रागावू नका, सगळेच चुकीची काढतात. तुम्ही काढता ‘हिक्’. ती ‘हिक्’ नाहीये. आधी श्वास आत ओढला जातो, मग अडकतो, मग येते. अशी. ... ऐकलीत? हं. आता असे बघू नका माझ्याकडे.

आणि दुसरी गोष्ट — इंग्लिशमध्ये ती उचकी नाहीच आहे. तुमच्या डायरेक्टरांना सांगा, मूळ पिक्चर लावून बघा म्हणावं. तो पोरगा नुसता नाक ओढतो, खांदा उडतो त्याचा, बस. उचकी फक्त हिंदीत आहे. म्हणजे तुम्ही सगळे ज्याच्यावर हसता, ते त्या अमेरिकन पोराने केलेलंच नाही. त्याचा फक्त चेहरा आहे.

मला कसं माहीत म्हणजे? असंच. बघितलाय ना पुष्कळदा. ... चहात साखर किती?

बरं, ऐका. लपवण्यासारखं काय आहे त्यात! माझा आवाज आहे तो. गोलू मी. नाही नाही, ओरडू नका, पाया काय पडताय, उठा! अशानेच मी कोणाला सांगत नाही. इथे सिल्व्हासात अकरा वर्षं झाली, शाळेत माहीत नाही, सोसायटीत माहीत नाही, खालच्या मीनाक्षीबेनचा नातू ती उचकी काढत जिन्यावरून उतरतो, मी कधी बोलले नाही. उदयला माहीत आहे फक्त, माझ्या मिस्टरांना. आणि अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना. पिक्चरमध्ये नाव? कोणाचं, माझं? नाव कुठलं हो! हिंदीवाल्यांची नावं टाकायचेच नाहीत तेव्हा. अमेरिकेत तो पिक्चर आला तेव्हा माझा जन्मही नव्हता, केबलसाठी त्याची हिंदी झाली तेव्हा मी नऊ वर्षांची. आणि मुलाचा आवाज मुलगीच द्यायची, नेहमीच, मुलांचा आवाज केव्हा फुटेल भरवसा नाही ना. तर नऊ वर्षांची केतकी, ठाण्याची, अण्णांचा हात धरून अंधेरीच्या स्टुडिओत.

अण्णा हौशी. बँकेत होते, पण जीव नाटकात. स्वतःला कधी भालदाराच्या वर काम मिळालं नाही, मग म्हणाले पोरीचं करू. काचेची खोली होती ती, खाली जुना गालिचा, त्याला कुबट वास. मला स्टुलावर उभी करायचे. हेडफोन एवढे मोठे की एका हाताने धरून ठेवावे लागायचे, दुसऱ्या हातात कागद, आणि कागद वाजला की बाहेरून ओरडा. समोर टीव्हीत तो पोरगा तोंड हलवतोय. त्याचं तोंड उघडलं की मी सुरू, मिटलं की बंद. इंग्लिश वाक्य लांब असायचं, हिंदी आधीच संपायचं, त्याचं तोंड आपलं हलतंच आहे — मग काहीतरी कोंबायचं. ‘अरे यार.’ ‘बाप रे.’ ‘समझे क्या?’ तो पोरगा अर्ध्या पिक्चरभर अरे यार का म्हणतो माहितीये? तोंड उरलं म्हणून! आणि लोक लिहितात, काय गोड संवाद. तर हे असं काम. पण मला जमायचं, खोटं कशाला बोलू. इतकं जमायचं की शेवटी शेवटी मी त्याचे डोळे बघून सांगायचे, आता तोंड उघडणार. डबिंग करून घेणारे सर म्हणायचे, ‘ये लड़की मशीन है.’ अण्णा ते सगळ्या बिल्डिंगला सांगायचे.

फक्त रडणं जमेना. बोलणं जमायचं, ओरडणं, खिदळणं, सगळं, पण रडताना मी खोटी वाटायची. सहा टेक झाले, सात झाले. सर काचेपलीकडून म्हणाले, ‘ठंडा है. बिलकुल ठंडा है.’ पडद्यावरच्या नटाला ग्लिसरीन लावता येतं हो, आवाजाला काय लावणार? मग त्यांनी अण्णांना बाजूला घेतलं. मला दिसत होतं काचेतून, दोघं बोलताहेत, अण्णा मान हलवताहेत — आधी अशी, नाही नाही म्हणून. मग अशी.

तेव्हा आई दवाखान्यात होती. पित्ताशयाचं ऑपरेशन, दोन दिवस झाले होते. मी रोज विचारायचे, कधी येणार, कधी येणार.

अण्णा आत आले. कधी आत यायचे नाहीत ते. गुडघ्यावर बसले माझ्यासमोर, माझे दोन्ही खांदे धरले आणि म्हणाले, ‘केतू, दवाखान्यातून फोन आला होता. आई गेली गं.’ आणि उठून बाहेर गेले. तेवढंच. तो लाल दिवा लागलेला होता, म्हणजे रेकॉर्डिंग सुरू होतं, पण तेव्हा दिव्याकडे कोण बघतं? मी रडले. आणि सांगू तुम्हाला, हे मी उदयलाही नाही सांगितलेलं — समोर टीव्हीत तो पोरगा तोंड उघडत होता, आणि मी त्याच्या तोंडावर रडले. बरोबर त्याच्या तोंडावर. सवय लागली होती ना. आई मेली म्हणून रडत होते आणि ओठ जुळवत होते. त्याने तोंड मिटलं तिथे मिटलं, उघडलं तिथे उघडलं. आणि त्याने खांदा उडवला तिथे मला उचकी आली.

टाळ्या वाजवल्या सरांनी. अण्णा हसत आत आले, मला उचललं, ‘अगं वेडे, गंमत! गंमत केली! आई मस्त आहे, सकाळी चहा प्याली.’ आणि मला फालुदा खायला घेऊन गेले. खाल्ला मी. सगळा खाल्ला, खालचा सब्जासुद्धा. मग संध्याकाळी दवाखान्यात गेलो, आई बसली होती पलंगावर, मला जवळ घ्यायला लागली, तर मी आधी तिच्या पावलाला हात लावून बघितला. गरम होतं. तिला कधीच कळलं नाही मी पायाला का हात लावला. अण्णा म्हणाले, ‘बघ, पोरगी नमस्कार करायला शिकली.’

खा ना हो तुम्ही, घास का धरून ठेवलाय हातात.

हे मी तुम्हाला का सांगतेय? कारण तुम्ही निरागस म्हणालात. नाहीतर सही करून मोकळी झाले असते, तुम्ही वापीला पोचलाही असतात. ... नाही, आई नंतर छान जगली. तिने तो पिक्चर पन्नासदा बघितला असेल, दर वेळी त्या उचकीला पदर तोंडाला लावून हसायची. चार वर्षांपूर्वी गेली. खरी. सकाळची वेळ, मी पोळ्या करत होते, अण्णांचा फोन आला. ‘केतू, आई गेली गं.’ तेच शब्द. तोच आवाज, फक्त म्हातारा. आणि मी काय केलं असेल? मी वाट बघितली. हसतील म्हणून. आता म्हणतील, ‘अगं वेडे.’ फोन कानाला, पोळी तव्यावर, मी वाट बघतेय. ते काही बोलेनात, रडल्यासारखं ऐकू येत होतं, पण रडण्याचं काय, रडणं मला माहीत आहे. मी म्हटलं ‘बरं’ आणि फोन ठेवला. आणि उरलेल्या पोळ्या केल्या. नऊ. लेकीचा, जुईचा डबा भरला, तिला शाळेत पाठवलं, स्वतः शाळेत जायला निघाले. उदयला माझ्या दादाने फोन केला तेव्हा तो कंपनीतून धावत आला, मी साडीला पिन लावत होते. दोन तास गेले त्यात. तिकडे ठाण्याला ते सगळे माझ्यासाठी थांबलेले, उन्हात. आणि मी पोचले तर रडूच येईना. अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, ‘दगड आहे ही. सख्खी आई गेली, डोळ्यातून टिपूस नाही.’ ते म्हणाले! अण्णा! अजून पिक्चर लागला की फोन करतात, ‘लाव लाव, तुझं लागलंय.’ चौऱ्याऐंशीचे आहेत. भांडायचं तरी किती, आणि आता भांडून कोणाला काय मिळणार.

चहा गार होतोय.

काय? जुईला कोणी शिकवली? उचकी ना. अहो, पोरं बघून बघून शिकतात, यूट्यूबवर पडलेली असते. — हो, तिचा व्हिडिओ मीही बघितला तुमच्या मोबाईलवर. मघाशी दाखवलात ना. परत नका लावू. नको म्हटलं ना! — चांगला आहे, माहितीये मला चांगला आहे. तुमचे डायरेक्टर रडले, बरं. सांगितलंत तुम्ही. अडीच हजार पोरींत एक. ऐकलं. सांगितलं ना मी तुम्हाला फोनवर, उदयने काढला तो व्हिडिओ, रविवारी, सहज गंमत म्हणून, त्याला हौस. डान्सच्या रूपाली मॅडमनी ग्रुपवर तुमच्या ऑडिशनचा तो फॉर्म टाकला होता, पोरीने हट्ट धरला, काढला. मला तर नंतर कळलं. पहिले दोन टेक अगदीच काहीतरी होते, पाठांतर म्हटल्यासारखं रडत होती, मी तिला म्हटलं पण, अगं जुई, ठंडा आहे हे, बिलकुल—

हो. होते मी.

होते म्हणजे, मीच होते. उदय कंपनीत होता, त्या रविवारी त्याची पहिली पाळी होती. फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवला होता मी. ही इथली खुर्ची, तिथे ती बसली, ओट्यावर डबा. तुम्ही बारकाईने बघितलंत तर व्हिडिओत डावीकडे माझी सावली आहे. डायरेक्टरांना नसेल दिसली. त्यांना रडणं दिसलं.

इथल्या सायली गावात आहे ना उदयची कंपनी. तिकडे आजूबाजूला सगळे धाग्याचे, प्लास्टिकचे, केमिकलचे कारखाने, तुम्ही येताना बघितलेच असतील. मागच्या उन्हाळ्यात गलोंड्याकडे एक गोदाम पेटलं होतं, इथून गच्चीवरून धूर दिसत होता, जुईने बघितला होता तो धूर, आठवडाभर बोलत होती. तर मी गुडघ्यावर बसले तिच्यासमोर. मला बसायचं नव्हतं हो. तुम्हाला खोटं वाटेल, पण बसल्यावर मला कळलं की मी बसलेय. तिचे खांदे धरले. आणि म्हटलं, ‘जुई, बाबांच्या कंपनीतून फोन आला होता. आग लागली गं. बाबा आत होते.’ आणि उठले. आणि बाजूला झाले, म्हणजे फोनच्या आड येणार नाही अशी.

तिने आधी माझ्याकडे बघितलं. मग त्या डब्याकडे. आणि रडली ती, डब्याकडे बघून. तिला माहीत होतं ना फोन चालू आहे, मीच सांगितलं होतं आधी, इकडेतिकडे बघायचं नाही, फोनकडे बघायचं. गुणी आहे. सांगितलेलं ऐकते. आणि मी उभी राहिले. एक मिनिट बारा सेकंद. तुमच्या फॉर्मवर लिहिलं होतं, किमान एक मिनिट. मी घड्याळ बघत होते. चाळिसाव्या सेकंदाला तिला उचकी आली आणि मला — काय सांगू मी तुम्हाला — मला आनंद झाला. मनात म्हटलं, आली! बरोबर आली! मग मी म्हटलं, ‘अगं वेडे, गंमत.’ तेच शब्द. फालुदा नाही मिळत जवळ, म्हणून तिला पिझ्झा मागवला.

का केलं म्हणून काय विचारता? हवं होतं मला. माझं नाव कुठे आलं नाही, तोंड कोणाला दिसलं नाही, माझं रडणं त्या सोनेरी पोराने नेलं, वर सगळा देश हसतोय. मला वाटलं, हिचं तरी नाव येईल. हिचा चेहरा तरी हिचाच असेल. मी तुमच्या त्या पिक्चरला नावं ठेवते ना, तासभर ठेवू शकते, पण तुमचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते, पोरांना कविता देऊन बाहेर व्हरांड्यात गेले आणि भिंतीला टेकून हसत होते एकटी. हे पण लिहून घ्या.

कोण, जुई? मघाशी सांगितलं ना, खाली खेळतेय. इकडे या खिडकीपाशी. ती बघा, गेटच्या कट्ट्यावर, निळा फ्रॉक. खेळतेय का ती? एकटी बसलीय. तीन वाजता पाळी सुटते, पावणेचारला कंपनीची बस येते नाक्यावर. त्या रविवारपासून रोज असते तिथे. शाळेतून येते, दप्तर इथे टाकते, पाण्याचा घोटही घेत नाही, धावत खाली. बस आली की उतरणारी माणसं मोजते. बाबा उतरला की उठते, घरी येते. उदयला वाटतं लेकीला बापाचं वेड लागलंय, सगळ्या पाळीत सांगत सुटलाय. मी कशी सांगू त्याला? आणि तिला जवळ घेऊन मी दहादा सांगितलं, अगं खोटं होतं ते, मी खोटं बोलले, चूक झाली माझी. ऐकून घेते. मान हलवते. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेटवर.

तर आता तुमचे कागद. हे घ्या. नाही, सही नाही केलेली, मघापासून पेन नुसतं हातात फिरतंय. मोठी संधी आहे, कळतंय मला, मला नाही कळणार तर कोणाला कळणार? पण तुमच्या त्या पिक्चरमध्ये शेवटचा सीन आहे ना — पायरीवरचा. तो काढणार आहात का? नाही ना? तोच तर घ्यायचाय. मग त्या दिवशी सेटवर पोरगी थंड पडली, सहा टेक झाले, सात झाले, तर तुमच्यापैकी कोणीतरी मला बाजूला घेणार. आणि मी मान हलवणार. आधी अशी. मग अशी. मी ओळखते स्वतःला. तुम्ही भले आहात हो, तुम्ही नाही म्हणणार असं. कोणीतरी म्हणेलच. कोणी नाही म्हणालं तर मीच जाईन त्यांच्याकडे सांगायला. म्हणून सही नाही करत. आणि तो व्हिडिओ आत्ता माझ्यासमोर काढून टाका. सगळीकडून. मुंबईला फोन लावा, त्यांनाही सांगा. मी उभी आहे. — लागत नाही? मग पुन्हा लावा.

थांबा. बस आली बघा. पांढरी. ते भावसार उतरले... सुकदेवकाका... आणि — उदय नाही दिसत. ओव्हरटाइम असेल. महिनाअखेर आहे, थांबवतात कधी कधी. फोन करायला हवा होता त्याने. कुठे गेली ही? कट्ट्यावर नाही... जिन्यावर आहे. येतेय वर.

ये जुई. अगं, धावत काय येतेस, पडशील. हो, बघितलं मी, बाबा नाही आले या बसने. ओव्हरटाइम असेल, दुसऱ्या बसने येतील. — मुंबईहून आलेत हे काका. सुमितकाका. हां, तेच, व्हिडिओवाले. — काय? नाही. नाही गं. शूटिंग नाहीये आज. खरंच नाहीये. बाबा खरंच ओव्हरटाइमला आहेत. अगं, माझ्याकडे बघ. त्यांच्या हाताकडे नको, माझ्याकडे बघ. ते फोन लावताहेत मुंबईला, काढत नाहीयेत काही. — अहो, ठेवा ना तो मोबाईल खिशात! खाली करा आधी तो! दिसत नाही का तुम्हाला, त्याच्याकडे बघून उभी राहिलीय ती.

जुई, नको बाळा. रडायचं नाहीये. कोणी सांगितलं नाही तुला रडायला.

जा हो तुम्ही. चहा राहू द्या. जा म्हटलं ना. दार ओढून घ्या.